एवढीशी पिन, पण वरात अडली!

मोबाइलची स्क्रीन तडकली तर तुम्ही काय करता? लंच अवरमध्ये सर्व्हिस सेंटर गाठता, एक कॉफी होईपर्यंत फोन पुन्हा हातात. आता समजा, तुटलीय क्लॅरिनेटची पिन, गाव आहे संगमनेर आणि परवा वरात आहे. बोला!

हनुमान जयंतीला मी पुण्याहून घरी जातेच. आमच्याकडचा रथ बायका ओढतात. १९२९ साली इंग्रज सरकारने मिरवणूक अडवली तेव्हा बायकांनी पुढे होऊन दोर हातात घेतला, तेव्हापासून हा मान त्यांचा. यंदा मी निघायच्या तयारीत, तर मामेभाऊ काळी केस घेऊन दारात. ‘ताई, पुण्यात कुणी ओळखीचं आहे का गं?’

पठ्ठ्या अकरावीत आहे. लग्नसराईत बँडमध्ये वाजवतो आणि क्लासची फी स्वतः भरतो. क्लॅरिनेट सेकंडहँड स्टुडंट मॉडेल, म्हणजे बॉडी प्लॅस्टिकची. मास्तरांनी स्पष्ट सांगितलं होतं, परवापर्यंत वाद्य नीट झालं नाही तर सीझनला दुसरा पोरगा घेऊ.

मोडलं होतं काय, तर डाव्या करंगळीच्या लीव्हरच्या टोकाची पिन. तांदळाच्या दाण्याएवढी! काही स्टुडंट मॉडेल्समध्ये ही पिन नायलॉनची असते, कारण धातूवर धातू आपटला की टकटक आवाज येतो. नायलॉन गप्प राहतं, पण एक दिवस तुटतं. आणि तुटलं की डाव्या करंगळीचा ‘सी’ गेला. उजव्या करंगळीनेही तो वाजतो की, असं मी म्हणाले. पोरगा माझ्याकडे दयेने बघत म्हणाला, ‘अगं, माझा सा तिथेच आहे. सा वरून कोमल ग घ्यायचा तर त्यालाही उजवीच करंगळी लागते. एक करंगळी दोन ठिकाणी कशी जाणार?’ आता आपल्या वराती गाण्यांमधून कोमल ग काढून बघा, काय उरतं ते!

पुण्यातल्या एका दुकानाला फोन लावला. ‘वाद्य ठेवून जा, महिन्याभराने बघू.’ मेरठच्या जाली कोठीत अख्खा बाजारच बँडच्या वाद्यांचा आहे, पण परवापर्यंत मेरठ?

तोवर घरात फेव्हिक्विकची बाटली निघाली होती. मी ती हिसकावून घेतली. (माझं वाद्यांचं ज्ञान शून्य, पण फेव्हिक्विकने चष्म्याची वाट लावल्याचा अनुभव दांडगा.) आणि खरंच, तो गोंद सांध्यात उतरला असता तर अख्खी की जाम झाली असती.

शेवटी पोचलो बाजारपेठेतल्या घड्याळवाल्या काकांकडे. क्लॅरिनेट त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलं. भिंग डोळ्याला लावून पाच मिनिटं नुसतं बघत बसले. मग हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने लीव्हरच्या भोकात अडकलेला जुना तुकडा उकरून काढला. नवी पिन कशाची? पितळी तार चालली असती, पण टकटक आली असती. काकांनीच तोड काढली. शेतीच्या अवजारांच्या दुकानातून गवत कापायच्या मशिनची नायलॉन दोरी आणायला लावली! कानशीने घासून घासून ती भोकात घट्ट बसेल इतकी केली. इथे घाई चालत नाही. पिन सैल बसली की लीव्हर हलते, पण पॅड पूर्ण बंद होत नाही, आणि पॅडखालून हवा गळली की सूर चिरकतो.

गळती तपासायची युक्ती भावाला माहीत होती. सिगारेटच्या पातळ कागदाची पट्टी पॅडखाली धरायची, की दाबायची आणि पट्टी ओढायची. चारी बाजूंनी सारखी अडली पाहिजे. विडीच्या या गावात सिगारेटचा कागद शोधायला मात्र तीन टपऱ्या फिराव्या लागल्या.

तसं त्याचं नशीब बरं म्हणायचं. खरी नाजूक जागा वेगळीच आहे, वरच्या आणि खालच्या भागांना जोडणारी ब्रिज की. वरच्या भागाची रिंग न दाबता दोन तुकडे एकमेकांत पिळले की ती वाकते. की जर्मन सिल्व्हरची, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्ताची असेल तर जाणकार हात ती हळूहळू सरळ करू शकतो. स्वस्तातली ओतीव की मात्र वाकत नाही, थेट तुटते. नवी पोरं वाद्य जोडताना लांब दांड्याच मुठीत धरतात, बुचाला ग्रीस लावत नाहीत आणि जोर लावतात. भाऊही आधी हेच करायचा, त्याने कबूल केलं.

काकांनी पैसे किती घेतले? चहाचे. ‘पहिलंच गिऱ्हाईक आहे या वाद्याचं,’ म्हणाले.

परवाच्या वरातीत मी मुद्दाम बँडच्या मागे चालले. डीजे नव्हता, हे त्या नवऱ्या मुलाचे उपकार! कोमल ग नीट लागत होता. भावाच्या शर्टाच्या खिशातून नायलॉन दोरीचा वीतभर तुकडा बाहेर डोकावत होता. क्लॅरिनेटवाल्या दुसऱ्या पोराने दुसऱ्याच दिवशी त्यातला अर्धा मागून नेला.