खेळाचे कारभारी (७) : पगार देणाऱ्यांच्या खिशात हात

या आठवड्यात फॉर्म्युला वनच्या बर्नी एक्लस्टोनवर लिहायचं कबूल केलं होतं. तो पुढच्या खेपेला. मिरजेच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. ते विचारतात, ‘लँडिसला बेसबॉलच्या संघमालकांनीच नेमलं, पगारही तेच देत होते. मग तो त्यांना दरडावत कसा होता? आणि दरडावू शकत होता, तर काळ्या खेळाडूंना दार उघडा असं चोवीस वर्षांत एकदाही का म्हणाला नाही?’

प्रश्न दोन दिसतात, पण माझ्या मते उत्तर एकच आहे. ते द्यायचं तर अमेरिकन फुटबॉलचा कमिशनर पीट रोझेल याला रांगेतून पुढे आणावं लागेल.

आधी बेसबॉलचा कमिशनर लँडिस याचा हिशेब. १९२०मध्ये मालक घाबरलेले होते. सट्टेबाजीचा बोभाटा झाला होता आणि लोकांचा विश्वास उडाला तर मैदानं ओस पडणार होती. म्हणून त्यांनी एका न्यायाधीशाला बोलावलं आणि त्याचे निर्णय पटले नाहीत तरी जाहीर टीका करणार नाही, असं लिहून दिलं. त्या कागदाच्या जोरावर १९३८मध्ये लँडिसने सेंट लुईस कार्डिनल्सच्या पंखाखालच्या छोट्या संघांत अडकवून ठेवलेले ७४ खेळाडू एका फटक्यात मोकळे केले. कार्डिनल्सचा कारभार तेव्हा ब्रँच रिकी पाहत होता. याच रिकीने लँडिस गेल्यानंतर वर्षाच्या आत, ऑक्टोबर १९४५मध्ये, ब्रुकलिन डॉजर्ससाठी जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूला करारबद्ध केलं.

त्या ७४ जणांच्या सुटकेत दुखावला तो एक मालक. उरलेल्या पंधरा जणांचं काहीच गेलं नाही, उलट मोकळे झालेले खेळाडू त्यांना मिळू शकत होते. रंगभेदाच्या बाबतीत मात्र जवळपास सगळे मालक एका बाजूला होते आणि लँडिसही त्याच बाजूला होता. मिरजेच्या वाचकांनी हा फरक ध्यानात ठेवावा. पुढे सारखा लागणार आहे.

आता रोझेल. ऑक्टोबर १९५९मध्ये एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा कमिशनर बर्ट बेल फिलाडेल्फियात सामना पाहता पाहता हृदयविकाराने गेला. बेलच्या काळात लीग म्हणजे घरगुती कारभार होता. संघांचं वेळापत्रक तो घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर डॉमिनोच्या सोंगट्या मांडून ठरवायचा. मोसमाच्या सुरुवातीला दुबळ्या संघाची गाठ दुबळ्याशीच घालायची, म्हणजे चार-पाच आठवडे तरी सगळ्यांच्या आशा जिवंत राहतात, अशी त्याची दृष्टी. सर्वांत तळाच्या संघाने नव्या खेळाडूंमधून पहिली निवड करायची, ही ड्राफ्टची पद्धतही त्याचीच कल्पना. १९३५मध्ये ती मांडली तेव्हा तो स्वतः फिलाडेल्फियाच्या दुबळ्या संघाचा एक मालक होता. पण कल्पना सगळ्या लीगच्या भल्याची निघाली.

बेलच्या जागी कोण, यावर जानेवारी १९६०मध्ये मालक मायामी बीचच्या एका हॉटेलात जमले आणि दोन तट पडून अडकले. फेरीमागून फेरी मतदान होत राहिलं. तेविसाव्या फेरीत तडजोडीचं नाव निघालं ते लॉस एंजेलिस रॅम्सच्या ३३ वर्षांच्या जनरल मॅनेजरचं. आत त्याच्याबद्दल बोलणं चालू असताना त्याला बाहेर थांबवलं होतं. तो स्वच्छतागृहात जाऊन उभा राहिला, आणि कोणी आत आलं की अवघडलेपण टाळण्यासाठी पुन्हा पुन्हा हात धूत राहिला, अशी आठवण सांगतात. मालकांना वाटलं, पोरगा आहे, आपल्या ऐकण्यातला राहील.

त्या वेळी प्रत्येक संघ आपापल्या सामन्यांचे टीव्ही हक्क आपापला विकत असे. न्यूयॉर्कच्या जायंट्सकडे अमेरिकेतली सर्वांत मोठी बाजारपेठ. दुसऱ्या टोकाला विस्कॉन्सिनमधलं ग्रीन बे, जेमतेम साठ-पासष्ट हजार वस्तीचं गाव. तिथल्या पॅकर्स संघाला मालकच नाही. गावकऱ्यांनी १९२३पासून भाग विकत घेऊन तो उभा केला, आणि त्या भागांवर लाभांश मिळत नाही. आजही अमेरिकेच्या मोठ्या लीगमधला असा हा एकमेव संघ आहे. टीव्हीचा पैसा जसजसा वाढेल तसतसे जायंट्स फुगत जाणार आणि पॅकर्स कधीतरी गुंडाळले जाणार, हे कुणालाही दिसत होतं.

रोझेलने मांडलं ते असं : सगळ्यांचे हक्क एकत्र विकायचे आणि आलेल्या पैशाचे समान भाग करायचे. ही कल्पना त्याच्या डोक्यातून आलेली नाही, हे सांगायलाच हवं. १९६०मध्ये सुरू झालेल्या प्रतिस्पर्धी लीग एएफएलने एबीसी वाहिनीबरोबर आधीच तसा करार केला होता. पण एएफएलच्या नव्या मालकांकडे सोडण्यासारखं काही नव्हतं. रोझेलला मात्र न्यूयॉर्क, शिकागो आणि लॉस एंजेलिसच्या मालकांना त्यांच्या हक्काच्या कमाईवर पाणी सोडायला लावायचं होतं, आणि याच मालकांच्या मतांवर त्याची खुर्ची उभी होती.

जायंट्सचे जॅक आणि वेलिंग्टन मारा हे भाऊ तयार झाले. माझ्या मते एनएफएलच्या इतिहासातला सर्वांत मोठा निर्णय तो. न्यूयॉर्क राजी झाल्यावर शिकागोला आणि लॉस एंजेलिसला अडून बसणं अवघड होतं. रोझेलने त्यांना दानधर्माचं आवाहन केलं नव्हतं. त्याचं म्हणणं साधं होतं : तुमचा संघ एकटा खेळू शकत नाही. समोरचा संघ मेला तर तुम्ही विकणार काय?

मग कायदा आडवा आला. जुलै १९६१मध्ये फिलाडेल्फियाच्या संघीय न्यायालयाने एकत्र हक्क विकण्याचा सीबीएस वाहिनीबरोबरचा करार मक्तेदारीविरोधी कायद्याच्या विरोधात ठरवला. रोझेल थेट वॉशिंग्टनला गेला, काँग्रेसच्या सदस्यांना भेटत सुटला, आणि ३० सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष केनेडींची सही झालेला कायदा हातात घेऊनच थांबला. अवघ्या अडीच महिन्यांत! १९६२पासून सीबीएसने वर्षाला ४६ लाख ५० हजार डॉलर द्यायला सुरुवात केली. चौदा संघ होते, म्हणजे प्रत्येकी सुमारे ३ लाख ३२ हजार. जायंट्सला तेवढेच आणि ग्रीन बेलाही तेवढेच. दोन वर्षांनी झालेल्या करारात वर्षाचा आकडा १ कोटी ४१ लाखांवर गेला. प्रशिक्षक विन्स लोंबार्डीच्या त्याच ग्रीन बेने पुढे पहिले दोन्ही सुपर बोल जिंकले.

या कायद्यातलं एक कलम मला फार आवडतं, म्हणून थोडं विषयांतर. सगळे संघ एकत्र येऊन टीव्हीवर उतरले तर कॉलेजच्या फुटबॉलचे प्रेक्षक पळतील, अशी धास्ती होती. म्हणून सवलतीला अट जोडली : सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारपासून डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत, शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर आणि शनिवारी दिवसभर, जिथे कॉलेजचा सामना असेल तिथून ७५ मैलांच्या आतल्या केंद्रावरून व्यावसायिक सामना दाखवायचा नाही. १९६६च्या दुरुस्तीत शाळांचे सामनेही या छत्राखाली आले. अमेरिकेच्या लहान गावांत शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे शाळेच्या मैदानावर अख्खं गाव. ती संध्याकाळ त्या कलमाने राखली.

हे कलम अजून जिवंत आहे आणि एनएफएल अजून त्याला वळसे घालते. २०२३पासून थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी सामना ठेवायला लागले, तर तो न्यूयॉर्कच्या वेळेनुसार दुपारी तीनला सुरू केला, सहाच्या आत बसावा म्हणून. सप्टेंबर २०२४मध्ये ब्राझीलच्या साओ पावलोत शुक्रवारी रात्री सामना झाला, कारण तो महिन्याचा पहिला शुक्रवार होता. डिसेंबर मध्यावर आला की शनिवारचे सामने लगेच सुरू होतात. वेळापत्रक हातात घेऊन हे ताडून पाहायला मजा येते.

समान वाट्याचा आजचा आकडा कुठे कळतो? ग्रीन बेमुळेच! बाकीचे मालक आपले हिशेब कपाटात ठेवतात, पण पॅकर्सचे भागधारक गावोगावी असल्याने त्यांना दरवर्षी ताळेबंद जाहीर करावा लागतो. २०२४च्या ताळेबंदात लीगकडून आलेल्या राष्ट्रीय उत्पन्नाचा वाटा ४० कोटी डॉलरच्या वर होता. एका संघाचा वाटा कळला की उरलेल्या एकतीस जणांचाही कळतो. आपल्या आयपीएलमध्येही प्रक्षेपणाचा पैसा एका ठिकाणी जमा होऊन संघांमध्ये वाटला जातो. त्या व्यवस्थेची जातकुळी हीच.

इथवर वाचून रोझेल देवमाणूस वाटेल. म्हणून आता खेळाडूंकडे वळू.

१९६३मध्ये एनएफएलने एक नियम केला, आणि तो रोझेलच्याच नावाने ओळखला गेला. खेळाडूचा करार संपला आणि तो दुसऱ्या संघात गेला, तर नव्या संघाने जुन्या संघाला भरपाई द्यायची. दोघांचं जमलं नाही तर भरपाई कमिशनर ठरवणार : खेळाडू, ड्राफ्टमधली निवड, त्याच्या मनाला येईल ते, आणि त्यावर अपील नाही. आपल्याकडून काय मागितलं जाईल हे आधी कळायची सोयच नसेल, तर दुसऱ्याचा खेळाडू घ्यायला कोण धजावेल? १९६३ ते १९७४ या काळात १७६ खेळाडूंनी करार संपेपर्यंत खेळून स्वतःला मोकळं केलं. त्यांतल्या फक्त ३४ जणांना दुसऱ्या संघाने घेतलं. रोझेलने प्रत्यक्षात भरपाई ठरवली ती चारच प्रकरणांत. तेवढी दहशत पुरेशी होती.

बाल्टिमोर कोल्ट्सचा जॉन मॅकी, खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष राहिलेला, इतर खेळाडूंना घेऊन न्यायालयात गेला. १९७६मध्ये अपील न्यायालयाने हा नियम मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारा ठरवला. टीव्हीच्या पैशासाठी ज्या कायद्यातून रोझेलने सवलत मिळवली, तोच कायदा खेळाडूंच्या कामी आला.

मारा बंधूंच्या खिशात हात घालणारा रोझेल आणि खेळाडूंचे पाय बांधणारा रोझेल यांत मला विसंगती दिसत नाही. पहिल्या वेळी त्याने काही मालकांना सगळ्या मालकांच्या हितासाठी वाकवलं. दुसऱ्या वेळी सगळ्या मालकांचं हित एकच होतं आणि समोर खेळाडू होते. पगारी कमिशनर एका मालकाला चाप लावू शकतो, चार मालकांनाही लावू शकतो. सगळे मालक एका बाजूला उभे राहिले की तो त्यांच्यात सामील होतो. लँडिसचं हेच झालं, आणि त्याचं पाप फार मोठं, कारण रॉबिन्सनच्या आधीच्या कितीतरी गुणी खेळाडूंची उमेद त्या दाराबाहेर संपली.

आपल्या जवळचं उदाहरण द्यायचं तर नागपूरचे वकील शशांक मनोहर. २०१४मध्ये भारत, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया या तीन मंडळांनी आयसीसीच्या मिळकतीतला मोठा हिस्सा आपल्याकडे वळवणारी रचना मंजूर करून घेतली होती. मनोहर दोनदा भारतीय मंडळाचे अध्यक्ष राहिलेले. २०१६मध्ये ते आयसीसीचे स्वतंत्र अध्यक्ष झाले आणि पुढच्याच वर्षी ती रचना बदलली. एका भारतीयाने भारताचा वाटा कापला म्हणून इथे पुष्कळांनी बोटं मोडली. मला ते योग्य वाटलं आणि आजही वाटतं. वेस्ट इंडीज आणि झिम्बाब्वे खंगले तर आपण खेळणार कुणाशी? फरक एवढाच की न्यूयॉर्कच्या मारा बंधूंनी आपण होऊन होकार दिला आणि भारतीय मंडळ मतदानात हरलं. मन वळवून मिळालेला होकार टिकतो. एनएफएलची समान वाटणी साठ वर्षांहून अधिक काळ टिकली आहे. आयसीसीच्या वाट्यांवरून मात्र पुन्हा भांडणं झाली आणि भारताचा हिस्सा पुन्हा वाढला.

केनेडींच्या हत्येनंतर दोन दिवसांनी सामने खेळवण्याचा रोझेलचा निर्णय मी मुद्दाम बाजूला ठेवला आहे. त्याला स्वतंत्र लेख हवा. मॅकीच्या खटल्यानंतर खेळाडूंना खरोखर मोकळीक मिळायला किती वर्षं लागली, तेही तेव्हाच पाहू. पुढच्या आठवड्यात मात्र नक्की एक्लस्टोन. त्याची गोष्ट वाचताना मिरजेच्या वाचकांनी आपला प्रश्न उलटा करून पाहावा : फॉर्म्युला वनमध्ये या माणसाला संघ पगार देत नव्हते, उलट संघांनाच त्याच्याकडून पैसे मिळत होते.