ब्लोअरमागचा माणूस

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या नवेगावच्या जंगलात मार्चमध्ये चोरपावलांनी चालता येत नाही. साग, ऐन, तेंदूची पानं पायाखाली पापडासारखी मोडतात. याच पाल्यावर वणवा पोसतो, आणि तो पेटतो बहुधा माणसाच्या हातून. कुणी मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखाली काडी लावतो, कुणी तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून झुडपं जाळतो.

महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून. त्याआधी जाळरेषा काढायच्या असतात. ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातलं गवत कापून, वाळवून, पहारा ठेवून जाळतात, म्हणजे पुढे आलेल्या आगीला तिथे खायला काही उरत नाही. पण पानगळ चालूच असते. पट्टा पुन्हा पाल्याने भरतो, पुन्हा झाडावा लागतो.

आग लागल्याचा इशारा आता उपग्रहाच्या आधाराने भारतीय वन सर्वेक्षणाकडून मोबाइलवर येतो. तिथवर पोहोचायचं मात्र पायीच. जुने मजूर आधी वारा बघतात, मग आग. पुढचा माणूस ब्लोअरने, म्हणजे हवेचा झोत सोडणाऱ्या यंत्राने, आगीच्या कडेचा पाला जळालेल्या बाजूला उडवतो. मागचे हिरव्या फांद्यांनी उरलेल्या ज्वाळा झोडपतात. शेवटचा धुमसते ओंडके आणि खुंट मातीने विझवतो, कारण वारा उठला की तिथूनच आग परतते.

ब्लोअरवाल्याच्या पाठीवर पेट्रोलची टाकी असते आणि कानात इंजिनचा आवाज. मागून कुणी ओरडलं तरी त्याला ऐकू जात नाही. नजर जमिनीवर, त्यामुळे बाजूने चढणारी ज्वाळाही दिसत नाही. उतारावर तर आग वरच्या दिशेने माणसापेक्षा वेगाने धावते. नवेगावचं जंगल ज्याचा भाग आहे, त्याच नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात 8 एप्रिल 2021 रोजी नागझिऱ्याची आग विझवताना तीन हंगामी वनमजुरांचा जीव गेला.

अमेरिकेतले वणवा विझवणारे पॉल ग्लीसन यांनी 1991 मध्ये चार गोष्टींचा आग्रह धरला होता. आगीवर नजर ठेवणारा माणूस, आपसातला संपर्क, निसटायची वाट आणि सुरक्षित जागा. यातल्या एकीलाही महागडं यंत्र लागत नाही. याशिवाय अंगावर सुती कपडे हवेत, कारण टेरिलीन वितळून कातडीला चिकटतं. जाड चामडी बूट, चष्मा, पाणी हवं, आणि मोबाइलची रेंज नसते तिथे वॉकीटॉकी.

खरी अडचण सरावाची आहे. रोजंदारीवरचा माणूस दिवसाची मजुरी बुडवून शिकायला येणार नाही, आणि आगीपाशी सर्वांत आधी पोहोचतो तो बरेचदा हाच. म्हणून जाळरेषांचं काम सुरू होण्याआधी त्याच्याकडून सराव करून घ्यावा आणि त्या दिवसांची पूर्ण मजुरी द्यावी. पैशाचीही एक अडचण आहे. ब्लोअरसारख्या यंत्राची पावती मिळते, त्यामुळे ते खरेदीच्या यादीत सहज बसतं. नुसतं उभं राहून वारा आणि ज्वाळा बघणाऱ्याचं काम हिशेबात रिकामपण वाटतं. हंगामाचं अंदाजपत्रक करताना प्रत्येक ब्लोअरमागे अशा एका माणसाची मजुरी धरली, तरच ते यंत्र जंगलात न्यायला योग्य झालं म्हणायचं.