समोर ठेवलेत तेवढेच!

पत्ते म्हटले की आपल्या घरांतून लगेच दोन तट पडतात. मेंढीकोट, बदाम सात, पाच-तीन-दोन यांना मे महिन्याच्या सुट्टीत सगळी दारं मोकळी. पण तीन पत्तीचं नाव निघालं की आजी जपमाळ बाजूला ठेवून डोळे वटारणार. आमच्या प्रभादेवीच्या चाळीत या नियमाला वर्षातून दोनदा सूट मिळे. एकदा गोकुळाष्टमीच्या रात्री आणि एकदा गणपतीतल्या जागरणाला. गच्चीवर सतरंजी पडायची, चहाची किटली फिरायची आणि गिरणीतली मंडळी गोल करून बसायची. मी सुटे पैसे आणून देणारा पोरगा. त्यामुळे सगळ्यांची पानं मागून बघायचा मान मला होता.

जुगार नशिबाचा म्हणतात, ते अर्धंच खरं. पानं नशिबाने येतात. पैसे मात्र माणूस स्वतःच्या हाताने टाकतो. शेजारच्या वरळीत १९६२ साली कल्याणजी भगत यांनी मटका सुरू केला, दोन वर्षांनी रतन खत्री यांनी आपला वेगळा काढला. त्यात आकडा लावला की तुमचं काम संपलं. दहातला एक आकडा लागायचा आणि मिळायचे रुपयाला नऊ. म्हणजे तोटा आधीच लिहून ठेवलेला. तीन पत्तीत किंवा तिच्या विलायती भावंडात, पोकरमध्ये, तसं नाही. तिथे दर फेरीला प्रश्न उभा राहतो : चाल द्यायची, वाढवायची, की पानं टाकून उठायचं?

थोडं गणित करू. बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० हात होतात. त्यांतल्या १६,४४० हातांत, म्हणजे शंभरातल्या सुमारे ७४ वेळा, साधी जोडीसुद्धा नसते. जोडी हाती आली की माणूस खुलतो तो यामुळेच. पण सहा भिडू असतील, तर उरलेल्या पाचही जणांकडे काहीच नसण्याची शक्यता जेमतेम २३ टक्के. शिवाय जो चौथ्या-पाचव्या फेरीपर्यंत टिकून चाल वाढवतो आहे, तो कुणी सरासरी माणूस नव्हे. रद्दी पानांचे बरेचसे आधीच उठून गेलेले असतात. उरलेला का उरला, हे विचारल्याशिवाय आपल्या जोडीची किंमत कळत नाही.

दुसरा हिशेब भावाचा. मध्ये ३,००० रुपये आहेत, समोरच्याने १,००० लावले. आपण १,००० घालून ४,००० मिळवू पाहतो. म्हणजे पाचांतून एकदा जिंकलो तरी बरोबरी. त्याने १,००० ऐवजी ३,००० लावले, तर तिनांतून एकदा जिंकायला हवं. पानं तीच, पण उत्तर बदललं.

खरा घोळ होतो तो दोघांच्या पुढ्यात मोठी रास असली म्हणजे. पोकरमध्ये मधली पानं आधी तीन, मग एक, मग शेवटचं एक अशी उघडतात आणि दर वेळी बोली होते. मध्ये १०० रुपये आहेत आणि दर वेळी मध्ये असतील तेवढेच लावले गेले, तर १०० चे ३००, ३०० चे ९००, ९०० चे २,७०० होतात. पहिल्या शंभराला 'चला, बघू' म्हणणाऱ्याचे शेवटी १,३०० गेलेले असतात. पुढ्यात दोनशेच रुपये असते, तर जोडीवर बेलाशक सगळे लावावेत. पुढ्यात दहा हजार असतील आणि समोरचा तेवढे सगळे लावायला निघाला असेल, तर त्याच्याकडे जोडीपेक्षा बरंच काही असणार किंवा काहीच नसणार. यांतलं कुठलं, हे माणूस बघून ठरवायचं. म्हणून जाणते खेळाडू पहिल्या शंभराच्या वेळीच शेवटच्या नऊशेचा विचार करतात.

आमच्या गच्चीवर एक काका होते. बसण्याआधी ते खिशातल्या नोटा काढून सतरंजीवर ठेवत आणि म्हणत, "समोर ठेवलेत तेवढेच. उधारी नाही, अंगठी नाही, घड्याळ नाही." पोकरच्या टेबलांवर जगभर हाच नियम आहे, हे मला फार पुढे कळलं. डाव सुरू होताना टेबलावर जेवढे, तेवढेच त्या डावात लावता येतात. काकांनी तो पुस्तकातून घेतला नव्हता; पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाबाहेर थांबलेले पठाण पाहून घेतला होता.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या वर्षीच्या गोकुळाष्टमीलाही सतरंजी पडली, पण बसणारे थोडे. बोली तीच, दोन रुपयांची. पण ते दोन रुपये आता पगारातले नव्हते, रेशनातले होते. जॉन केली या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये गणिताने मांडलं की पैज किती लावायची, हे जिंकण्याच्या शक्यतेइतकंच आपल्याजवळ किती आहे यावरही ठरतं. चाळीतल्या बायकांना ते सूत्राशिवाय ठाऊक होतं. त्या रात्री नऊच्या सुमारास दोन-तीन जणी गच्चीवर आल्या, काही न बोलता कठड्याशी उभ्या राहिल्या आणि डाव मोडला.

ऑनलाइन पैशांच्या खेळांवर २०२५ च्या कायद्याने देशभर बंदी आली. त्याआधी मोबाइलवरच्या पत्त्यांत पुढ्यात खऱ्या नोटा दिसत नसत. बोट लावलं की बँकेतून आणखी पैसे येत. कायद्याने तो दरवाजा लावला, पण लग्नाचा खर्च, घराचं कर्ज, शेअर बाजार हे डाव चालूच आहेत. तिथेही पहिला हप्ता लहान असतो आणि पुढची रास कुणी मोजत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न सर्वांत आधी आणि सर्वांत नेमका विचारला तो एका बाईने. युधिष्ठिर राज्य हरला, भाऊ हरला, स्वतःला हरला आणि मग त्याने द्रौपदीला पणाला लावलं. तिने सभेला विचारलं की त्याने आधी स्वतःला हरवलं की मला? ज्याच्या पुढ्यात काहीच उरलं नाही, तो लावतो कशाच्या बळावर? त्या भरल्या सभेत भीष्मांनीही तिला सरळ उत्तर दिलं नाही.