ब्रेकचा मास्टर सिलिंडर रिपेअर: 'कीट टाकून देतो' म्हणण्याआधी हे वाचा



गॅरेज टाकायचंय, पण प्रत्येक नाक्यावर चार गॅरेजं आधीच आहेत, मग आपल्याकडे गिऱ्हाईक कशाला येईल? हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. उत्तर सोपं आहे. जे काम बाकीचे टाळतात, ते नीट शिका. आज अशाच एका कामाबद्दल बोलू: जुन्या मोटारसायकलचा मागच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर उघडून पुन्हा नीट करणं. काम लहान आहे, हत्यारं थोडी लागतात, पण चुकलं तर समोरच्याच्या जिवावर बेततं. म्हणूनच त्याला किंमत आहे.

आधी गिऱ्हाईक ओळखा

जावा, येझदी, राजदूत, जुनी बुलेट, आरएक्स १०० या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक. तिथे रॉड असतो, मास्टर सिलिंडर नसतोच. मग हे काम येतं कुठून? एक म्हणजे बाहेरून आलेल्या जुन्या जपानी गाड्या. उदाहरणार्थ १९७५ ची होंडा गोल्ड विंग जीएल १०००, हिला पुढे दोन आणि मागे एक डिस्क होती. अशा गाड्या मोजक्याच, पण मालक हौशी असतो आणि चांगला माणूस शोधत असतो. दुसरं म्हणजे आपल्याकडच्या, आता जुन्या होत चाललेल्या गाड्या. २००७ मध्ये आलेल्या बजाज पल्सर २२० डीटीएस-एफआयला मागे डिस्क होती. त्या गाड्यांचं रबर आता म्हातारं झालंय. रोजची चूल याच गाड्यांवर पेटेल. व्हिंटेज गाडी हे तुमचं नाव करेल.

'व्हिंटेज' हा शब्द बोर्डावर लिहिताना जपून. केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात राखलेली गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. म्हणजे 'मूळ स्वरूप' हे मालकासाठी फक्त हौशीचं प्रकरण नाही. दुसऱ्याच गाडीचा सिलिंडर ठोकून बसवलात, तर त्याचं नुकसान तुम्ही केलंत.

आत नेमकं काय चालतं?

पाय पेडलवर पडला की पुशरॉड पिस्टनला ढकलतो. पिस्टनच्या तोंडाशी रबरी कप असतो. तो पुढे सरकताना एक बारीक भोक ओलांडतो आणि तिथून दाब तयार होतो. पाय उचलला की स्प्रिंग पिस्टनला मागे आणते, भोक उघडतं आणि जास्तीचं द्रव टाकीत परत जातं. बस, एवढंच.

आता गणित बघा. समजा मास्टरचं बोअर १४ मिमी आणि कॅलिपरचा पिस्टन ३८ मिमी. व्यासांचे वर्ग करून भागा: १४४४ भागिले १९६, म्हणजे साधारण ७.४ पट जोर. आता कोणी 'बसतोय ना, मग टाक' म्हणत १६ मिमीचा मास्टर बसवला, तर तेच प्रमाण ५.६ वर येतं. पेडल टणक लागतं, मालक खूश होतो, पण तेवढ्याच पायाच्या जोरात गाडी कमी थांबते. टणक पेडल म्हणजे चांगला ब्रेक, हा गैरसमज डोक्यातून काढा.

काम कसं करायचं

१. गाडीच्या रंगावर ओला कपडा टाका. ब्रेक ऑइल रंग उचलतं. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

२. जुनं द्रव काढा आणि बाटलीत साठवा. गटारात ओतू नका.

३. सिलिंडर सोडवा, रबरी बूट काढा, सर्कलिप प्लायरने सर्कलिप काढा. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण स्प्रिंग पिस्टनला बाहेर फेकते. भाग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने कागदावर मांडा आणि मोबाईलवर फोटो काढा.

४. धुण्यासाठी पेट्रोल, रॉकेल, डिझेल बिलकुल नाही. आपण 'ब्रेक ऑइल' म्हणतो, पण डॉट ३, डॉट ४ हे खनिज तेल नाहीच. त्यातलं रबर पेट्रोल-तेलाने फुगतं. फुगलेला कप पिस्टनला परत येऊ देत नाही. ताजं ब्रेक ऑइल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा.

५. आता सगळ्यात महत्त्वाचं. बोअरमध्ये टॉर्च मारा, नखाने चाचपा. नुसता डाग असेल तर पुसून निघतो. नख अडकलं म्हणजे खड्डा आहे. खड्डा असलेल्या बोअरमध्ये नवीन कीट टाकणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात. पॉलिश पेपर घासून खड्डा जात नाही, उलट बोअर मोठं होतं आणि ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर निघून जातो. अशा वेळी दोनच रस्ते: चांगल्या लेथवाल्याकडून स्टीलची किंवा पितळेची स्लीव्ह मूळ मापात टाकून घ्या, नाहीतर नवीन सिलिंडर.

६. टाकीखालचं बारीक भोक बघा. जुन्या गाडीत ते हमखास चोंदलेलं असतं. बारीक तारेने हलकेच मोकळं करा, ड्रिल लावू नका.

७. नवीन कप ताज्या ब्रेक ऑइलमध्ये भिजवून बसवा. कपाची उघडी ओठासारखी कड दाबाच्या बाजूला, म्हणजे स्प्रिंगकडे. उलटा बसला तर पेडल थेट खाली जातं.

८. बॅन्जो बोल्टचे वॉशर नवीनच टाका. तिथे दहा रुपये वाचवून काम परत येतं.

९. पुशरॉडचा खेळ ठेवा, मॅन्युअलमध्ये जेवढा दिलाय तेवढा. खेळ शून्य केलात तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ते बारीक भोक बंदच राहतं. ब्रेक गरम झाला की द्रव फुगतं, जायला जागा नसते आणि मागचं चाक स्वतःहून धरू लागतं. टेंभी नाक्यावरून स्टेशनकडे संध्याकाळी जाणारा माणूस दर दोन मिनिटांनी पेडल दाबतो. त्या ट्रॅफिकमध्ये ही चूक फार लवकर उघडी पडते.

१०. हवा काढा. निप्पल वरच्या बाजूला आहे ना बघा, टाकी रिकामी होऊ देऊ नका, बुडबुडे थांबेपर्यंत धीर धरा.

ब्रेक ऑइल आणि आपला पावसाळा

डॉट ४ चा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. द्रव उकळलं की वाफ होते, वाफ दबते आणि पेडल पोकळ लागतं. ठाण्यातला जून ते सप्टेंबर डोळ्यापुढे आणा. महिनाभर उघडी राहिलेली बाटली स्वस्त पडत नाही. लहान बाटल्या घ्या आणि गिऱ्हाइकासमोर सील तोडा. त्याचा विश्वास तिथेच बसतो. आणि डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ४ मध्ये मिसळायचं नाही. डॉट ५.१ वेगळं, नावावरून फसू नका.

गाडी देण्याआधीची परीक्षा

पेडल जोरात दाबून एक मिनिट धरा. हळूहळू खाली गेलं तर आत गळतंय. चाक हाताने मोकळं फिरतंय का बघा. ब्रेक लाइट लागतो का बघा. मग आधी रिकाम्या गल्लीत, हळू वेगात ब्रेक लावून बघा. ते जमलं की पाच-सहा किलोमीटर चालवा. मागचा ब्रेक फारसा न वापरताही डिस्क तापली असेल तर खेळ पुन्हा तपासा. शेवटी बूट उचलून ओल आहे का बघा. हे सगळं एका छापील कागदावर टिक करून सहीसह बिलाला जोडा.

दर कसा लावायचा?

एक उदाहरण घेऊ. समजा तुमचा पगार धरून दुकानाचा महिन्याचा खर्च ६०,००० रुपये. दिवस २५, आणि रोज खरोखर बिल होणारे तास ५. म्हणजे १२५ तास, एका तासाला ४८० रुपये. या कामाला ३ तास: १,४४०. कीट, वॉशर, ब्रेक ऑइल मिळून समजा १,२००. झाले २,६४०. त्यावर १० टक्के, काम परत आलं तर फुकट करून देण्यासाठी. साधारण २,९०० रुपये. स्लीव्हचा खर्च वेगळा, आणि तो गिऱ्हाइकाला सिलिंडर उघडल्यावर, बोअर दाखवून सांगायचा. उघडण्याआधी 'एवढ्यात होईल' असा शब्द देऊ नका.

शब्दावरून आठवलं, तारखेचंही तेच. टेंभी नाक्याच्या आसपास दुकान असेल तर नवरात्रात देवीच्या गर्दीमुळे रस्ते वळवतात, माल येत नाही, गाडी बाहेर काढता येत नाही. त्या नऊ दिवसांत डिलिव्हरीची तारीख कबूल करू नका.

'नाही' म्हणायला शिका

गिऱ्हाईक म्हणेल, "खड्डा आहे तर असू दे, तात्पुरतं करून द्या, रॅलीपुरतं." इथे तुमच्या धंद्याची परीक्षा आहे. तात्पुरता ब्रेक अशी वस्तूच नसते. एबीएसच्या गाड्यांचंही तसंच: त्यातल्या काहींची हवा काढायला वेगळं यंत्र लागतं. ते नसेल तर स्पष्ट सांगा आणि ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे पाठवा. आज २,९०० रुपये जातील, पण 'हा माणूस खोटं काम करत नाही' ही जाहिरात पैसे देऊन मिळत नाही.

या आठवड्यात एवढंच करा: भंगारवाल्याकडून एक जुना मास्टर सिलिंडर आणा, टेबलावर दहा वेळा उघडा आणि जोडा. अकरावा गिऱ्हाइकाचा असू दे.