पंपावरचा आकडा आणि प्रवाळाला लागणारं पाणी

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढीच हवी आहे ते निर्धास्तपणे चहाला जाऊ शकतील. (हशा) पंपाच्या खोक्यावर 'ताशी इतके लिटर' असा जो आकडा छापलेला असतो, तो पंपाविषयी असतो. तुमच्या टाकीतल्या प्रवाळाविषयी तो काहीच सांगत नाही. प्रवाळाच्या अंगाला पाणी कसं लागतंय हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर दुकानात मिळत नाही, टाकीसमोर बसल्यावर मिळतं.

आता असं बघा, मासा पाण्यात हिंडतो. एका कोपऱ्यात त्याला गुदमरायला झालं तर तो दुसऱ्या कोपऱ्यात जातो. प्रवाळ हाही प्राणीच, पण एका जागी बसलेला. त्याला कल्ले नाहीत, हृदय नाही, रक्त नाही. श्वासाचा प्राणवायू, कॅल्शियम, खाद्याचे कण हे सगळं पाण्याने त्याच्या दारात आणून द्यायचं आणि त्याची घाण, त्याचा चिकट स्राव पाण्यानेच उचलून न्यायचा. त्याच्या कातडीत सूक्ष्म शैवाल राहतं. ते दिवसा उजेडात साखर तयार करतं आणि प्राणवायू सोडतं. हा प्राणवायूसुद्धा साठून राहिला तर पेशींना बाधतो, म्हणून तोही वाहून जावा लागतो.

इथे एक अडचण आहे. कुठल्याही वस्तूला लागून असलेला पाण्याचा पातळ थर जवळजवळ स्थिर असतो. टाकीत पाणी वाहताना दिसलं तरी हा थर हलत नाही. आपण बशीत चहा ओतून फुंकर मारतो तेव्हा काय करतो? चहावर बसलेला गरम, दमट हवेचा थर उडवून लावतो. फुंकर नसली तरी चहा निवतो, पण वेळ लागतो. प्रवाळाच्या अंगावरचा थर असाच आहे. त्याची जाडी मिलिमीटरच्या अंशापासून काही मिलिमीटरपर्यंत असते, आणि पाणी जितकं संथ तितका तो जाड. त्यातून प्राणवायू आत-बाहेर जातो तो केवळ झिरपत, आणि झिरपण्याचा वेग फार कमी असतो.

तांबड्या समुद्राच्या टोकाला एलात म्हणून गाव आहे. तिथल्या शाशर, कोहेन आणि लोया या संशोधकांनी 1993 मध्ये या थरातला प्राणवायू मोजून प्रसिद्ध केला. संथ पाण्यात दिवसा प्रवाळाच्या अंगालगत प्राणवायू प्रमाणाबाहेर वाढलेला, आणि रात्री तो जवळजवळ संपलेला! थोड्याच अंतरावरच्या पाण्यात भरपूर प्राणवायू होता, हे लक्षात घ्या. म्हणजे भरल्या ताटासमोर उपाशी बसावं तशी ही अवस्था.

ओकिनावातलं काम त्याहून महत्त्वाचं वाटतं मला. 1998 साली समुद्र तापला आणि जगभर प्रवाळ पांढरे पडून मेले. नाकामुरा आणि फान वूसिक यांनी 2001 मध्ये दाखवलं की तापलेल्या पाण्यातसुद्धा जोरदार प्रवाहात ठेवलेल्या प्रवाळांनी तग धरली आणि मंद प्रवाहातले त्याच जातीचे प्रवाळ मेले. तापमान तेच, जात तीच, फरक फक्त वाहण्याचा. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात टाकी सांभाळणाऱ्यांनी हे उशाशी लिहून ठेवावं.

आणखी एक गंमत सांगतो. प्रवाळ आपला नुसता बसून असतो असं आपण समजत होतो. 2014 मध्ये शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर प्रवाळाच्या कातडीवरचे बारीक केस सतत हलून अंगालगत छोटे छोटे भोवरे तयार करत होते. तो बिचारा स्वतःला पंखा घालून घेत असतो! पण तो पंखा फार लहान. आपला पंप त्याच्या मदतीला आहे.

आता पंपाकडे येऊ. टाकीखाली सम्प असेल तर तिथून पाणी वर चढवणारा तो रिटर्न पंप. त्याचं काम उंचीवर पाणी फेकण्याचं, आणि खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. सव्वा मीटर वर चढवताना आणि कोपरांमधून वळताना तो बराच घटतो. टाकीच्या आतला प्रवाह या पंपाकडून करवून घेऊ नये. तो वेगळा धंदा आहे, आणि त्यासाठी काचेला चुंबकाने चिकटवतात ते पंखेवाले वेव्हमेकर.

पंखाच का, याचं गणित सोपं आहे. समजा ताशी 4000 लिटर पाणी सोडायचं आहे, म्हणजे सेकंदाला साधारण 1.1 लिटर. तोंड दोन सेंटिमीटर व्यासाचं असेल तर पाणी सेकंदाला साडेतीन मीटर वेगाने निघेल. ही धार समोरच्या जिवाचं मांस सोलून काढते आणि वाळूत खड्डा पाडते. तेच तोंड सहा सेंटिमीटरचं केलं तर क्षेत्रफळ नऊपट होतं आणि वेग नवव्या हिश्श्यावर, म्हणजे 40 सेंटिमीटरच्या आत येतो. त्या पाण्याला द्यावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे चालते, तेव्हा ती एक्क्याऐंशीव्या हिश्श्यावर! पहिल्या धारेला सात वॉटच्या आसपास लागतील, दुसरीला एक दशांश वॉटसुद्धा नाही. पंपाची स्वतःची हानी त्यावर वेगळी, पण मुद्दा कळला ना? रुंद तोंडाचा पंखा त्याच विजेत कितीतरी जास्त पाणी हलवतो, आणि तेही अंगावर न येता. शिवाय पाण्यात बुडालेल्या पंपाला दिलेली जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णता होऊन त्याच पाण्यात राहते. कमी वॉट म्हणजे चिलरवर कमी भार. काही पंपांत मोटर काचेच्या बाहेर असते आणि आतला पंखा चुंबकाने फिरतो. ते महाग पडतात, पण आपल्या हवेत मला त्यात अर्थ दिसतो. मात्र काच किती मिलिमीटरची आहे ते आधी मोजा. दहाच्या काचेसाठी केलेलं चुंबक पंधराच्या काचेवर घसरतं.

मग पंप किती घ्यायचा? चार फुटी टाकी, 120 बाय 45 बाय 45 सेंटिमीटर, म्हणजे 243 लिटर. दगड-वाळू वजा जाता दोनशे धरा. मऊ प्रवाळांसाठी ताशी दहा ते वीसपट असा अंदाज शौकीन लोक धरतात, म्हणजे दोन ते चार हजार लिटर. कठीण, फांद्यांच्या प्रवाळांसाठी चाळीसपट आणि वरही जातात. यातला 'पट' हा शब्द जरा फसवा आहे. टाकीतलं पाणी वीस वेळा बदललं असा त्याचा अर्थ नाही. पंपासमोरचं तेच पाणी वीस वेळा फिरलं आणि दगडामागचं एकदाही हललं नाही, असंही होऊ शकतं. आमच्या भाषेत बोलायचं तर खोक्यावरचा आकडा हे शब्दप्रमाण, आणि इथे प्रत्यक्षाला पर्याय नाही.

परदेशी तक्ते जसेच्या तसे उचलू नका, याला आणखी एक कारण आहे. ते बहुधा अ‍ॅक्रोपोरासारख्या कठीण प्रवाळांसाठी असतात. आपल्याकडे 2001 साली खडक बांधणारे सगळे कठीण प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. मालवणच्या खडकांवरचा किंवा विजयदुर्गपासून शंभरएक किलोमीटर आत असलेल्या आंग्रिया बँकेवरचा प्रवाळ घरी आणणं म्हणजे शिकारच, आणि कोणी 'तुकडाच आहे हो' म्हणून विकत असेल तर तिथून उठावं. तेव्हा आपल्या टाकीत असतात ते लेदर, मश्रूम, झोअँथस, झेनिया असे मऊ अंगाचे जीव. त्यांना वादळ नको असतं. मश्रूमला जोराचा प्रवाह लागला तर तो आक्रसतो, कधी दगड सोडून वाहतही जातो. न्यू जर्सीत माझा भाचा अ‍ॅक्रोपोरा पाळतो. त्याच्या टाकीतला प्रवाह माझ्या टाकीत लावला तर आठवड्यात सगळी मंडळी तोंड मिटून बसतील.

जागा ठरवताना पहिला नियम समुद्राकडून घ्यायचा. खडकावर पाणी एकाच दिशेने नदीसारखं वाहत नाही. लाट येते, जाते, पुन्हा येते. होनोलुलूच्या वाइकिकी मत्स्यालयात ब्रूस कार्लसन यांनी यासाठी एक साधी युक्ती वापरली. उंचावरच्या भांड्यात पाणी भरत राहतं आणि ठरावीक पातळीला पोचलं की सायफनने एकदम खाली टाकीत कोसळतं. फ्लशच्या टाकीचाच प्रकार, पण लाट तयार होते. घरी आपण दोन पंप घ्यावेत. चार हजारांचा एक घेण्यापेक्षा दोन-दोन हजारांचे दोन कधीही बरे. एक बिघडला तर दुसरा असतो, हाही हिशेब त्यात आलाच. ते दोन्ही आखूड बाजूंच्या काचांवर लावून आळीपाळीने चालवले की प्रवाह उलटसुलट होतो. समोरासमोर एकाच रेषेत मात्र लावू नका. एक जरा वर आणि पुढच्या काचेकडे वळवलेला, दुसरा जरा खाली आणि मागच्या काचेकडे, असं ठेवलं म्हणजे धारा एकमेकींना चुकवून जातात आणि काचेवर आपटून पसरतात. काचेवर आपटवायला घाबरू नका. पसरलेला, गोंधळलेला प्रवाहच आपल्याला हवा आहे.

उंचीचं म्हणाल तर वरच्या तिसऱ्या हिश्श्यात, पृष्ठभाग सळसळेल इतपत. प्राणवायू पाण्यात शिरतो तो या पृष्ठभागातूनच. त्यावर तेलकट साय धरली असेल तर समजा की वर हालचाल नाही. पण पंप फार वर घेतला तर हवा ओढतो, बुडबुडे काढतो आणि घरचे लोक झोपेतून उठून तक्रार करतात.

आणि पंपापेक्षा दगडांची मांडणी महत्त्वाची, हे माझं ठाम मत आहे. दगड मागच्या काचेला टेकवून भिंत रचली की तिच्यामागे कुठलाही पंप पोचत नाही. तिथे घाण साठते आणि काही महिन्यांनी लाल-जांभळं सायनो पसरतं. मग लोक औषध शोधत फिरतात. मागे चार बोटं जागा ठेवा, दगडांची दोन बेटं करा, खालून पाणी जाईल अशी भोकं ठेवा. टाकीत पाणी भरायच्या आधी हे काम तासाभराचं असतं, नंतर दोन दिवसांचं.

समुद्रफूल, म्हणजे अ‍ॅनिमोन ठेवणार असाल तर पंपाला जाळी लावल्याशिवाय ते आणूच नका. हा प्राणी रात्री जागा बदलतो, पंपात ओढला जातो आणि त्याचे तुकडे होतात. ते सगळ्या टाकीत सडले की बाकीचेही जातात.

आता तपासणी. खाण्याचे थोडे बारीक कण पाण्यात सोडा आणि मांडी घालून बसा. कण कुठे गोल फिरतात, कुठे पडून राहतात, कुठे जातच नाहीत ते बघा. जिथे पडून राहतात तिकडे पंप दोन बोटं वळवा. मग पॉलिप बघा. भाताचं शेत वाऱ्यावर डोलतं तसे ते दोन्हीकडे डोलत असतील तर ठीक. सतत एकाच बाजूला दाबलेले दिसले तर धार थेट लागते आहे. लेदर आठवडाभर मिटलेलं राहिलं तर मात्र लगेच पंपाला दोष देऊ नका, ते अधूनमधून कात टाकतं. कात पडून जायलाही प्रवाहच लागतो, तेव्हा पंप कमी करू नका. आणि प्रवाळ वाढला की पाण्याची वाट बदलते. वर्षापूर्वी बरोबर असलेली जागा आज बरोबर असेलच असं नाही.

विजेचं राहिलं. रात्री शैवाल प्राणवायू बनवत नाही आणि टाकीतले सगळेच जीव तो वापरत असतात. अशा वेळी वीज गेली तर दिवा-चिलर बंद पडल्यापेक्षा पाणी थांबण्याचा धोका मोठा. इन्व्हर्टरवर काय चालवायचं असं विचारलंत तर आधी एक वेव्हमेकर. डीसी पंप त्यासाठी सोयीचे, कमी विजेत बराच वेळ चालतात. तेही जमत नसेल तर बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप घरात असू द्या. तो फार महाग नसतो. वायर सॉकेटपर्यंत नेताना आधी खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे पाणी ओघळत सॉकेटात जाणार नाही. आणि खाऱ्या पाण्याजवळ ईएलसीबीशिवाय काहीही जोडू नका.

(श्रोत्यांतून प्रश्न: सर, आवाजामुळे झोप लागत नाही, म्हणून आम्ही रात्री पंप बंद ठेवतो. चालेल का?)

नाही हो ताई, नेमकं उलटं करताय. दिवसा अर्धा तास बंद राहिला तर एकवेळ चालेल, खायला घालताना आपण दहा-पंधरा मिनिटं बंद करतोच. रात्री वेग थोडा कमी करा, बंद करू नका. आणि आवाज कुठून येतो ते शोधा. हवा ओढत असेल तर पंप तीन-चार बोटं खाली घ्या. तसं नसेल तर पंख्यावर आणि आतल्या दांड्यावर चुना बसला असणार. तो खरवडू नका. प्लग काढा, पंप बाहेर घ्या, पंखा सुटा करा आणि पांढरं व्हिनेगर व पाणी निम्मं निम्मं घेऊन त्यात तासभर बुडवून ठेवा. मग जुन्या टूथब्रशने घासा, साध्या पाण्याने दोनदा धुवा आणि परत लावा. दोन-तीन महिन्यांनी एकदा हे करत जा. आवाज जाईल, आणि पंपाचा कमी झालेला जोरही परत येईल.