भीमेचा झरा आणि ज्वालामुखीचे डोंगर

वढू बुद्रुकच्या शिवारालगत वाहणारी भीमा सह्याद्रीच्या माथ्यावर भीमाशंकरला उगम पावते. तिथले डोंगर ज्वालामुखीचे म्हणून सांगितले जातात आणि ते खरेही आहे. घोटाळा होतो तो पुढे.

भोवतालची शिखरे म्हणजे विझलेले ज्वालामुखी, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचून बेसाल्टचे पठार तयार झाले. आजची शिखरे, अगदी 1646 मीटर उंचीचे कळसूबाईसुद्धा, पाऊस आणि नद्यांनी ते पठार कोरून काढल्यावर उरलेले भाग आहेत. त्यामुळे माथ्यावर विवर शोधण्यात अर्थ नाही.

भीमेच्या उगमाच्या झऱ्याचे पाणी पाताळातून येते, हा समजही असाच. पुराणकथेत भीमा महादेवाच्या घामातून निघते. भूशास्त्राच्या दृष्टीने ते पावसाचेच पाणी. अखंड काळ्या कातळात ते मुरत नाही. मात्र खडकाच्या भेगा, लाव्हाच्या दोन थरांमधली फट आणि सच्छिद्र जांभा यांतून ते खाली उतरते, आणि खालचा घट्ट थर आडवा आला की उताराला वाट फुटेल तिथे बाहेर पडते. साठा मर्यादित असल्याने असे झरे उन्हाळ्यात मंदावतात. माथ्यावरचे जंगल पाणी धरून ठेवते, म्हणून ते राखण्याला मोल आहे. भीमाशंकर अभयारण्य 1985 मध्ये घोषित झाले.

ज्वालामुखीच्या खडकातले पाणी गरम असावे, हेही खरे नाही. उगमाचे पाणी थंड आहे. वज्रेश्वरीसारखी कोकणातली गरम पाण्याची कुंडे आहेत, पण तिथे खोल मुरलेले पावसाचे पाणी पृथ्वीच्या अंतर्गत उष्णतेने तापून वर येते. जिवंत ज्वालामुखीशी त्याचा संबंध नाही.

आणि वढूच्या घाटावर ओंजळीत येते ते उगमाच्या कुंडातले पाणी, ही श्रद्धा समजण्यासारखी असली तरी हिशेबात बसत नाही. वाटेत असंख्य ओढे मिळतात, चासकमान धरण पाणी अडवते, भामा येऊन मिळते. वढूच्या थोडे वर तुळापूरला इंद्रायणीचा संगम आहे, आणि इंद्रायणी पिंपरी-चिंचवडचे सांडपाणीही घेऊन येते. भर पावसाळा सोडला, तर इथल्या पात्रात किती पाणी दिसेल हे झऱ्यापेक्षा धरणांतून सुटणाऱ्या पाण्यावर आणि बंधाऱ्यांवरच अधिक ठरते.