टॉवरची भीती, स्कॅनची घाई
गच्चीवरच्या मोबाइल टॉवरविरुद्ध सोसायट्या सह्या गोळा करतात. सीटी स्कॅन मात्र ‘एकदाचा करूनच टाका’ म्हणत उरकला जातो. भीती भलत्याच जागी आहे. टॉवरच्या लहरी ऊतींना फार तर ऊब देतात. सीटी स्कॅनमधले क्ष-किरण अणूंतले इलेक्ट्रॉन उडवून डीएनए तोडू शकतात. पोटाच्या एका सीटी स्कॅनचा डोस छातीच्या साध्या एक्स-रेच्या शंभर पटींच्या घरात जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये मोबाइल लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ म्हटलं, हे खरं. पण तो अपुऱ्या पुराव्यावरचा शेरा होता. त्याच संस्थेच्या यादीत क्ष-किरण आणि चक्क ऊनही ‘निश्चित’ गटात आहेत. म्हणून स्कॅन नाकारायचा नाही. अपघातानंतर मेंदूतला रक्तस्राव तोच मिनिटांत दाखवतो. एरवी सोनोग्राफीने भागेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं.